रुपयास एक आणा

गरिबांच्या कर्जबाजारीपणाविषयी सुखवस्तू समाजात फार दिवसांपासून एक मत रूढ आहे. गरिबास शिल्लक टाकण्याची बुद्धी नाही. हाती चार पैसे आले की ते खर्चून मोकळे व्हावे आणि सण, लग्न किंवा आजार पुढे उभा राहिला म्हणजे सावकाराचा उंबरठा झिजवावा, हा त्याचा स्वभावच होय, असे ते मत. ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही म्हण त्याच्या पुष्टीस नेहमी पुढे करण्यात येते. परंतु ही म्हण अंथरुणाची लांबी ठरलेली आहे असे गृहीत धरून चालते. ज्याचे अंथरूण आज चार हात, उद्या दोन हात आणि परवा मुळीच नाही, त्याने पाय किती पसरावेत, याचे उत्तर तीत नाही. गरिबाचे दुःख केवळ मिळकत थोडी हे नव्हे. ती वेळेवर येत नाही आणि खर्च मात्र वेळेवर येतात, हे त्याचे दुसरे व पुष्कळदा अधिक जाचक दुःख आहे. ही दोन टोके सांधण्यासाठी त्याने कोणते उपाय योजले, आणि त्यांपैकी कोणते त्याच्या कामी आले व कोणते त्याच्या मानेस बसले, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

राजेरजवाड्यांच्या खजिन्याचे हिशेब दप्तरांतून सापडतात. मजुराच्या कनवटीचा हिशेब सहसा कोणी लिहून ठेवीत नाही. म्हणूनच जेथे तो लिहिला गेला तेथे थांबणे अगत्याचे आहे. मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसने १९२१-२२ साली शहरातील कामगारांच्या कौटुंबिक जमाखर्चाची चौकशी केली व १९२३ साली तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. सुमारे अडीच हजार कुटुंबांच्या माहितीवरून त्यात असे दाखविले आहे की, शेकडा ४७ कुटुंबे सावकाराचे देणे लागत होती. कर्जाची रक्कम सरासरीने अडीच महिन्यांच्या मिळकतीइतकी होती. आणि व्याजाचा सर्वसाधारण दर दरमहा रुपयास एक आणा, म्हणजे दरसाल दरशेकडा ७५ इतका होता. गिरणीच्या फाटकाशी पगाराच्या दिवशी काठी घेऊन उभा राहणाऱ्या पठाणाचा दर तर याहूनही चढा असे. ‘रुपयास एक आणा’ हे शब्द कानास किती सौम्य लागतात! कोणत्याही सावकाराने ऋणकोस पाऊणशे टक्क्यांची गोष्ट सांगितली नाही. त्याने एका आण्याची सांगितली. हा शब्दांचा सौम्यपणा वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याची पुन्हा गाठ पडणार आहे.

कामगार कर्जात का पडला, याचे कारण त्याच्या स्वभावात शोधण्यापूर्वी पगाराच्या रीतीत शोधले पाहिजे. त्या काळी मुंबईच्या गिरण्यांत पगार महिन्याचा असे, आणि तोही महिना संपल्यावर दहापंधरा दिवसांनी हाती पडे. रत्नागिरीहून किंवा सातारच्या बाजूने आलेला नवखा माणूस आज कामास लागला तर त्याची पहिली कमाई दीड महिन्याने त्यास दिसणार. तोवर त्याने खावे काय आणि राहावे कोठे? वाण्याकडील उधारी, खाणावळीची उधारी आणि ज्या जॉबराने कामास लावले त्याचे उपकार, या तीन गोष्टींवर त्याचा शहरातील संसार सुरू होई. म्हणजे मालक जो दीड महिन्याचा पगार राखून ठेवी तो वस्तुतः कामगाराने मालकास दिलेले बिनव्याजी कर्जच होते, आणि ते देता यावे म्हणून कामगार स्वतः रुपयास एक आण्याने कर्ज काढीत होता! पुढे १९३६ साली पगारवाटपाचा कायदा होऊन महिना संपल्यापासून सात किंवा दहा दिवसांत पगार देण्याचे बंधन आले. कर्जाचे एक मूळ सावकाराच्या दुकानात नसून गिरणीच्या कचेरीत आहे, ही गोष्ट त्या कायद्याने अप्रत्यक्षपणे मान्य केली, असे म्हणावयास हरकत नाही.

आता याच माणसाकडे दुसऱ्या बाजूने पाहावे. जो सावकाराचे देणे लागत होता तोच दरमहा गावी पैसे धाडीत होता. १८८० साली मनीऑर्डरीचे काम सरकारी खजिन्यांकडून टपालखात्याकडे आले आणि पोस्टमन थेट उंबरठ्यावर रोख पैसे मोजून देऊ लागला. कोकणच्या कित्येक गावांत शेत पोटापुरते पिकत नसे. सरकारी सारा, मुलांचे कपडे, गणपती आणि शिमगा या सर्वांचा भार मुंबईच्या मनीऑर्डरीवर असे. तिच्या फॉर्माच्या कुपणावर चार ओळी लिहिण्याची सोय होती. त्यामुळे पैसा आणि खुशाली बरोबरच घरी पोहोचत. ही मनीऑर्डर म्हणजे नुसता खर्च नव्हे. गावी घर राखणे, जमिनीवरील हक्क राखणे, भाऊबंदांत आपले नाव राखणे ही चाकरमान्याची ठेवच होती. १९२८ साली मुंबईच्या गिरण्यांचा संप सुमारे सहा महिने चालला, तेव्हा हजारो कामगार गावी जाऊन राहिले. वर्षानुवर्षे धाडलेल्या मनीऑर्डरींनी जे घर उभे ठेवले होते, त्यानेच त्यांस त्या प्रसंगी थारा दिला.

शहरातही शिल्लक टाकण्याच्या नाना रीती होत्या. पाच-दहा ओळखीच्या माणसांनी दरमहा ठराविक रक्कम एकत्र करावी आणि चिठ्ठी निघेल त्याने ती सबंध उचलावी, ही भिशी. पहिली चिठ्ठी ज्याची निघाली त्यास ते बिनव्याजी कर्ज झाले, शेवटची ज्याची निघाली त्याची ती बचत झाली. एका गावच्या मंडळींनी मिळून खोली घ्यावी, सर्वांनी वर्गणी भरावी आणि बेकार झालेल्यास तेथे आसरा असावा, ही ग्रामस्थ मंडळाची पद्धत. गोव्याहून आलेल्या दर्यावर्दी व नोकरपेशा ख्रिस्ती मंडळींच्या धोबीतलाव आणि माझगाव भागांतील ‘कूड’ याच जातीच्या संस्था होत. बायकांची शिल्लक तांदळाच्या डब्यात किंवा पदराच्या गाठीत असे, आणि जरा वाढली म्हणजे ती मण्यामंगळसूत्राच्या रूपाने अंगावर येई. कारण डब्यातल्या पैशावर नवऱ्याची नजर पडू शकते, अंगावरच्या सोन्यास हात घालण्यापूर्वी मात्र त्यास दोनदा विचार करावा लागतो. या सर्वांच्या जोडीस शेजाऱ्यांचे हातउसने. आज तुझ्या घरी मूल आजारी, तर माझे दोन रुपये घे. उद्या माझ्यावर वेळ आली तर तू दे. त्याची वही नाही, व्याज नाही, मुदतही नाही. पण विसर मात्र कोणासच पडत नाही.

एकच कुटुंब एकाच वेळी भिशीत पैसे भरते आणि बाहेरून कर्जही काढते, हे पाहून हिशेबी माणसास हसू येते. भिशी मोडून कर्ज का फेडीत नाहीत, असे तो विचारतो. परंतु गरिबास अनुभवाने ठाऊक असते की, एकदा मोडलेली शिल्लक पुन्हा जमत नाही, आणि सावकाराचा तगादा मात्र हप्ता वसूल करूनच राहतो. तेव्हा कर्ज हेही एक सक्तीच्या बचतीचे साधन होते. महाग खरे, पण खात्रीचे. हा तर्क मुंबईच्या चाळींपुरता नाही. बांगलादेश, भारत व दक्षिण आफ्रिका या देशांतील अडीचशेहून अधिक गरीब कुटुंबांच्या पैशाची ये-जा संशोधकांनी सुमारे वर्षभर, दर पंधरवड्यास भेटी देऊन टिपून ठेवली. ‘पोर्टफोलिओज ऑफ द पुअर’ या नावाने २००९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याचे सार आहे. देण्याघेण्याच्या चारांपेक्षा कमी साधनांवर भागविणारे एकही कुटुंब त्यांस आढळले नाही. ज्याच्यापाशी पैसा कमी, त्यास तो अधिक हुशारीने हलवावा लागतो.

या हुशारीचा सर्वांत करुण नमुना म्हणजे खाणावळवाली बाई. गिरणगावातील हजारो एकटे पुरुष तिच्या घरी जेवीत व पैसे महिन्याअखेर देत. तिला मात्र धान्य आधी आणावे लागे. त्यासाठी ती वाण्याची उधारी करी किंवा सावकाराकडे दागिना गहाण टाकी. म्हणजे कामगारास उसनवार देणारी ही बाई स्वतः चढ्या व्याजाची ऋणको होती. गिरणीमालक, कामगार आणि सावकार या तिघांच्या मधली फट ती आपल्या चुलीने भरून काढीत होती. संपाच्या दिवसांत ती जेवण बंद करीत नसे, कारण आज दार लावले तर जुनी बाकी बुडाली. अशा बायकांस एकत्र करून श्रीमती प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले व बँकेचे कर्ज त्यांस मिळवून दिले. एकमेकींनी एकमेकींची जामीनकी घ्यावी, हेच तेथे तारण होते. त्या बायकांपाशी जिंदगी नव्हती. पण पत होती, आणि ती शेजारणींस ठाऊक होती.

सरकारने व सुधारकांनी काही केले नाही असे नाही. १८८२ साली टपालखात्याची सेव्हिंग्ज बँक देशभर सुरू झाली. १९०४ साली सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला. १९११ साली ना. म. जोशी यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली व तिने कामगारवस्तीत सहकारी मंडळ्या काढल्या. १९४६ साली मुंबई इलाख्यात सावकारीच्या नियंत्रणाचा कायदा झाला. या प्रयत्नांचे मोल कमी नाही. तथापि सावकार उठला नाही. याचे कारण त्याच्या व्याजात नसून त्याच्या सोयीत होते. पेढी दहा वाजता उघडे, अर्ज मागे, जामीन मागे आणि पुढल्या सभेची तारीख सांगे. सावकार रात्री दहा वाजता दार उघडी. आजारी मुलाच्या बापास व्याजाच्या दरापेक्षा दार उघडण्याची वेळ अधिक महत्त्वाची वाटते. जो उपाय रात्रीच्या गरजेस पोहोचेल तोच गरिबाच्या घरात शिरेल, हा या साठसत्तर वर्षांच्या प्रयत्नांचा धडा होता.

असा उपाय प्रथम मोठ्या प्रमाणावर निघाला तो हिंदुस्थानात नव्हे, तर समुद्रापलीकडे केनियात. त्या देशाशी आपले पैशाचे नाते जुने आहे. १८९६ ते १९०१ या काळात मोंबासाहून किसुमूस जाणारी रेल्वे मुख्यतः हिंदी मजुरांनी बांधली. १९२० सालापर्यंत तेथील चलन रुपयाच होता. आणि स्वाहिली भाषेतील ‘पेसा’ हा शब्द म्हणजे आपलाच पैसा. २००५ साली तेथे मोबाईल फोनवरून पैसे भरण्याची एक योजना प्रयोगादाखल सुरू झाली. तिचा मूळ हेतू असा की, लहान कर्ज घेणाऱ्यांनी आपले हप्ते फोनवरून भरावेत. परंतु लोकांनी तिचा उपयोग निराळाच केला. ते एकमेकांस पैसे धाडू लागले. प्रवासास निघताना रोख रक्कम फोनात ठेवून मुक्कामी पोहोचल्यावर काढू लागले. योजकांनी शहाणपणाने कर्जाची कल्पना बाजूस ठेवली आणि मार्च २००७ मध्ये ‘एम-पेसा’ ही सेवा ‘घरी पैसे पाठवा’ या एकाच हाकेने सुरू झाली. नाक्यावरील दुकानदाराकडे रोख रक्कम द्यावी, ती आपल्या फोनात जमा व्हावी, एका संदेशाने ती खेड्यातील आईच्या फोनात जावी आणि तिने आपल्या गावच्या दुकानदाराकडून रोख घ्यावी, इतकी ती साधी होती. रत्नागिरीच्या मनीऑर्डरीचीच ही नात; फरक इतकाच की, ती आठवड्याऐवजी क्षणात पोहोचू लागली.

तिचा परिणाम काय झाला हे जॅक व सुरी या दोन अर्थशास्त्रज्ञांनी पुढे मोजून पाहिले. आजार, बेकारी किंवा पिकाचे नुकसान यांसारखा घाला पडला असता, ज्यांच्यापाशी ही सोय नव्हती त्या घरांचा खर्च शेकडा सात इतका घटला. ज्यांच्यापाशी होती त्यांचा जवळजवळ घटलाच नाही. कारण दूरच्या भावाबहिणींचे थोडेथोडे पैसे त्यांस वेळेवर येऊन पोहोचले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या दुसऱ्या निबंधात, या सेवेमुळे केनियातील १,९४,००० कुटुंबे दारिद्र्यातून वर आली असा अंदाज आहे. यात कोणी नवे धन निर्माण केले नाही, कोणास कर्जही दिले नाही. शेजारापुरते असलेले हातउसने या यंत्राने तीनशे मैल लांब केले, एवढेच झाले; आणि तेवढेच पुष्कळ झाले.

परंतु कथा येथे संपत नाही. ज्या वाटेने हातउसने धावू लागले त्याच वाटेने पाच वर्षांत सावकारीही आली. नोव्हेंबर २०१२ मध्ये केनियात फोनवरच कर्ज देणारी ‘एम-श्वारी’ ही सेवा एका बँकेच्या साह्याने निघाली. तीस दिवसांच्या कर्जावर शेकडा साडेसात आकार. त्यास व्याज न म्हणता शुल्क म्हणत. आता त्रैराशिक करून पाहावे. रुपयास एक आणा म्हणजे दरमहा शेकडा सव्वासहा. गिरणगावच्या ज्या दरास आपण पिळवणूक म्हणतो त्याहून हा दर मोठा आहे! त्यात काठीवाला पठाण नव्हता, रक्कम लहान होती, हे खरे. पण ‘एक आणा’ आणि ‘साडेसातांचे शुल्क’ या दोहोंतील सौम्यपणा मात्र अगदी सख्ख्या भावंडांचा आहे. त्यामागून नाना तऱ्हेचे फोनवरील सावकार निघाले, आणि अखेर २०२२ साली तेथील मध्यवर्ती बँकेस त्यांच्यासाठी परवाने व नियम करावे लागले.

आपल्याकडेही क्रम हाच आहे. २०१४ साली जनधन खाती निघाली. २०१६ साली यूपीआय सुरू झाले. ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात त्यावरून २,००० कोटींहून अधिक व्यवहार झाले. भाजीवाली, रिक्षावाला, घरकाम करणारी बाई यांच्या हाती मनीऑर्डरीहून शतपट चपळ साधन आले, याबद्दल आनंदच मानला पाहिजे. पण रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासगटाने २०२१ साली दाखवून दिले की, कर्ज देणाऱ्या सुमारे १,१०० ॲपांपैकी ६०० बेकायदेशीर होती. यांपैकी पुष्कळांची वसुलीची तऱ्हा ऐकण्यासारखी आहे. ऋणकोच्या फोनातील सर्व नावे आधीच उचलून ठेवावीत आणि हप्ता चुकला की त्याच्या नातेवाइकांस, मालकास, शेजाऱ्यांस अर्वाच्य संदेश धाडावेत. पठाण फाटकाशी उभा राही, तेव्हा त्यास चुकवून मागल्या दाराने निसटता येत असे. हा नवा वसुलीदार ऋणकोच्या सोयऱ्याधायऱ्यांच्या दारी एकाच वेळी उभा राहतो. ज्या नात्यांच्या बळावर हातउसने चालत होते त्याच नात्यांस त्याने तारण करून घेतले, ही यातील खरी हानी होय.

या इतिहासातून आम्हास एकच गोष्ट सांगावयाची आहे. पैसा हलविण्याची सोय आणि कर्ज देण्याची सोय या दोन भिन्न वस्तू आहेत. त्या एकाच यंत्रात बसल्या म्हणून एक होत नाहीत. पहिलीत वेग हा गुण आहे. आजारी आईस पैसे पोहोचवावयाचे असता एक घटकाही वाया जाणे वाईट. दुसरीत मात्र थोडा विलंब, थोडी भीड, चौघांस कळेल याचा थोडा संकोच या गोष्टी ऋणकोचे रक्षण करीत असतात. भिशीतून आगाऊ उचल मागताना शेजारणीस कारण सांगावे लागते, आणि ते सांगताना पुष्कळदा आपले आपणासच उमजते की ही गरज खरी की हौस. फोनास कारण सांगावे लागत नाही.

कायद्यानेही हे पूर्वी ओळखले होते. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथे दंगा उसळला व तो आसपास पसरला, तेव्हा शेतकऱ्यांनी मुख्यतः सावकारांची खतपत्रे हिसकावून जाळली. कारण न वाचता अंगठा उठविलेल्या कागदानेच त्यांचे रान गेले होते. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने त्यामुळे असे ठरविले की, शेतकऱ्याचे कर्जखत गावच्या रजिस्ट्रारासमोर, त्यास अटी समजावून देऊन मगच लिहिले जावे. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली घातलेले नियम या जुन्या कायद्याचे वंशज आहेत: एकूण वार्षिक आकार आधी सांगावा, ऋणकोच्या फोनातील नावांस हात लावू नये, आणि घेतलेले कर्ज विनादंड परत करण्यास काही दिवसांची मुदत असावी. हे नियम चांगले आहेत. पण अटींची पाच पाने खाली सारून ‘मान्य आहे’ या शब्दांवर ठेवलेला अंगठा आणि सुप्याच्या कुळाने खतावर उठविलेला अंगठा यांत अजून फारसे अंतर पडलेले नाही. अटी मराठीत, चार ओळींत, रुपयाआण्यांच्या हिशेबाने सांगितल्या जातील आणि त्या समजल्या की नाही हे कोणी विचारील, तेव्हाच ते अंतर पडेल.

गरीब माणूस शिल्लक टाकतो, देतो, घेतो, फेडतो; हे त्यास कोणी शिकवावयास नको. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या चौकशीत त्याचे कर्ज नोंदले गेले, त्याच्या भिशीस आणि हातउसन्यास मात्र कोणी रकाना ठेवला नाही. म्हणून त्याची ख्याती ऋणको म्हणून उरली. आजच्या यंत्रात त्याचा पै न् पै नोंदला जात आहे. ती नोंद त्यास नवे कर्ज किती देता येईल एवढेच पाहण्यासाठी वाचली जाते, की त्याचा पगार वेळेवर पडतो की नाही आणि त्याच्या अंथरुणाची लांबी रोज का बदलते हे पाहण्यासाठीही वाचली जाते, यावर पुढल्या पिढीचा हिशेब अवलंबून राहील.